रिकामी बाटली

तो त्या खोलीतून बाहेर आला आणि त्याने नमुन्याची बाटली खिडकीतून आत सरकवली. लॅबवाल्या बाईंनी ती उजेडात धरून पाहिली आणि परत त्याच्याच हातात दिली.

"झालं नाही का?"

"झालं," तो म्हणाला. "पण आलं काहीच नाही."

बाईंना ते पटलं नाही. मागच्या खेपेलाही पटलं नव्हतं. घाबरू नका, घाई कसली नाही, वाटल्यास मिसेसना सोबत घेऊन जा, असं त्या इतक्या समजुतीने सांगायला लागल्या की त्याला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. बाकावरच्या दोघांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सगळं होतं, अगदी शेवटपर्यंत नीट होतं, फक्त शेवटी कोरडं. आता हे काय दवंडी पिटून सांगायचं?

क्रेन चालवणारा माणूस तो. उंच केबिनमध्ये बसून भलेमोठे लोखंडी गर्डर असे अलगद टेकवायचा की खालची माणसं बघत राहायची. आणि इथे या बोटभर बाटलीने त्याच्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

काही येत नाही हे त्याला आज कळलं होतं असंही नाही. दोन वर्षं तो मूग गिळून बसला होता. बायकोला काय, डॉक्टरला काय, तोंड उघडायची लाजच वाटायची. त्या दोन वर्षांत मूल होत नाही म्हणून तपासण्या झाल्या त्या तिच्या. इंजेक्शनं तिला, पोटात दुर्बीण घातली तीही तिच्या. त्याची आई तर फोनवर तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "आमच्या घरात असं कधी नव्हतं बाई." आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा दुर्बीण ठरली होती. त्याआधी एकदा नवऱ्याचीही तपासणी करून घ्या, असं या डॉक्टरांनी बजावलं, म्हणून तर तो इथवर आला.

बाईंनी आत जाऊन सांगितलं असावं. डॉक्टर स्वतः बाहेर आले, त्यांनी त्याला दुसरी बाटली दिली आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता लघवी करून आणा. त्याला वाटलं, झालं, आता माझी चेष्टाच सुरू झाली. पण आणून दिली. पहिली बाटली तशीच खिशात राहिली.

बऱ्याच वेळाने त्याला आणि बाहेर थांबलेल्या बायकोला आत बोलावलं. लघवीत शुक्रजंतू सापडलेत, डॉक्टरांनी सांगितलं. भरपूर आहेत. लघवीच्या पिशवीचं तोंड त्या क्षणी आवळून बंद व्हायला हवं, ते यांचं होत नाही. त्यामुळे वीर्य बाहेर यायच्या ऐवजी मागे पिशवीत जातं आणि नंतर लघवीवाटे निघून जातं. फार जणांना होत नाही, पण होतं. जिवाला धोका नाही.

बायकोने पदराने डोळे टिपले. त्याला मात्र हायसं वाटायच्या ऐवजी रागच आला. म्हणजे सगळं होतंच, आणि रोज संडासात वाहून जात होतं.

आता कारण शोधायला हवं, डॉक्टर म्हणाले. साखर, पाठीचा मणका, पूर्वीचं एखादं ऑपरेशन. औषध काही चालू आहे का?

"नाही," तो म्हणाला.

"छे हो, यांना साधी सर्दीसुद्धा होत नाही," बायको म्हणाली. मग घड्याळाकडे बघून ती चुळबुळली. तपासणी झाली असेल तर यांना दोन घास खायला घालू का, असं तिने विचारलं. सकाळी घाईत निघाले, गोळी राहिलीय, आणि ती रिकाम्या पोटी चालत नाही. बोलता बोलता तिने पर्समधून पाकीट काढून सवयीने गोळी तळहातावर घेतलीसुद्धा.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कसली गोळी?"

"ती होय? स्टोनची. स्टोन कधीच पडून गेला, पण हे वर केबिनमध्ये तासन्‌तास लघवी दाबून बसतात. पुन्हा झाला तर? म्हणून मीच दुकानातून आणते. दोन वर्षांत एक दिवस चुकू दिली नाही."

शेवटचं वाक्य ती जरा अभिमानानेच म्हणाली.

डॉक्टरांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. मग हळू आवाजात सांगितलं की या गोळीचं कामच ते आहे, पिशवीच्या तोंडाची ती जागा सैल करायची, म्हणजे खडा सुटतो. खडा पडल्यावर ती थांबवायची होती. आता बंद करा, पुन्हा तपासू, बहुतेकांचं सुरळीत होतं. आणि ताई, तुमचं पुढच्या आठवड्याचं ऑपरेशन तूर्त नको.

त्याच्या मनात आलं, ओरडावं. पण कुणावर? हिने जपलं म्हणून हिच्यावर? दोन वर्षं तोंड शिवून बसला तो स्वतःच. तिच्या दंडावरचे सुयांचे डाग त्याला दिसत होते आणि तिकडे बघवत नव्हतं.

ती तळहातावरच्या गोळीकडे बघत राहिली. मूठ मिटेना, गोळी टाकवेना.

दार उघडून लॅबवाल्या बाईंनी डोकं आत घातलं. "ती मघाची रिकामी बाटली तेवढी द्या. जमा करावी लागते."

त्याने खिशातून बाटली काढली. बायकोने ती त्याच्या हातातून घेतली, झाकण उघडलं, गोळी आत टाकली आणि झाकण घट्ट लावून बाईंच्या हातात दिली.

"रिकामी नाहीये," ती म्हणाली.