दोन महिन्यांची ब्राह्मी

लोणावळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ब्राह्मीनं मेंदूला थोडा आधार मिळू शकतो, गेलेली आठवण परत येईलच असं नाही. तेवढ्यावर हौशीराम रोज सकाळी बायकोच्या तळहातावर कॅप्सूल ठेवायचा. विठाबाई मूठ मिटून, तांब्याभर पाणी घेऊन परसात जायची आणि रिकामा तांब्या आणायची. दोन महिन्यांनी बाटली संपली. त्याच दिवशी कोंबडीनं परसातली माती उकरली आणि एक कॅप्सूल वर आली. हौशीराम बोटांनी उकरत गेला. वालाचं बी टोकावं तशा ओळीनं सगळ्या पुरलेल्या होत्या. कालपरवाच्या शाबूत, आधीच्यांचा मातीत नुसता हिरवा डाग. तांब्या घेऊन विठाबाई मागं उभी होती. “रोज पानी घालते, पर एक दाना उगवंना. भाऊ, आमच्या मालकास्नी सांगू नका. लय आशेनं आनत्यात.” “न्हाई सांगत,” हौशीराम म्हणाला आणि ओळीवर पुन्हा माती लोटली.