पहिली पुडी

रुबियाने केळीच्या पानाची पहिली पुडी सोडली. बेंगुक नावाच्या शेंगांच्या बिया आंबवून केलेली तेंपेची वडी नारळाच्या दुधात शिजवली आणि वाटी घेऊन नेहमीसारखी एकटीच मागच्या पायरीकडे निघाली.

सून विनार्तीचं डोकं सणकलं. लग्नाला पाच वर्षं झाली, दर खेपेला हेच. पहिली पुडी म्हातारीची. बाकीच्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत पुड्यांकडे बघत बसायचं.

"आई, लेकरू तुमच्या तोंडाकडे बघतंय," ती म्हणाली. तीन वर्षांची रारा खरंच बघत होती. "नातीला एक घास दिलात तर उपाशी राहाल का? डोंगर उतरून पाणी आणायचं मी, आणि पहिली चव तुमची."

म्हातारी थांबली. "भिजवलेल्या बियांचं पाणी नऊ वेळा बदललंस ना? तीन दिवस, रोज तीनदा?"

"बदललं हो. खांदे भरून आलेत माझे."

आता हे साफ खोटं होतं. चुनखडीच्या डोंगरावरचं गाव, विहीर आटलेली, नदी खाली दरीत. विनार्तीने पाणी जेमतेम तीनदा बदललं होतं. तेंपे तर नेहमीसारखंच पांढरंशुभ्र, घट्ट आलं होतं. कुणाला काय कळतंय, असं मनाशी म्हणत तिने कळशी उचलली आणि नदीची वाट धरली.

परतली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रुबिया पायरीवरच होती. शेजारी वाटी रिकामी. मांडीवर रारा झोपलेली. एरवी ही पोर दुपारी कुणाच्या डोळ्याला डोळा लागू द्यायची नाही.

"मी अधाशी आहे असं वाटतं ना तुला?" म्हातारी शांतपणे म्हणाली. "वाटू दे. मी लहान असताना असाच दुष्काळ पडला. पाणी नव्हतं. बिया धड धुतल्या गेल्या नाहीत, त्यांचं विष उतरलं नाही. आईने पहिली पुडी माझ्या धाकट्या बहिणीला दिली, भुकेली होती म्हणून. संध्याकाळपर्यंत ती गेली. तेव्हापासून पहिली पुडी मी खाते, एक दिवस थांबते, मग तुम्हाला देते."

विनार्तीच्या हातातली कळशी निसटली. पाणी अंगणभर झालं. पाच वर्षं सासूशी भांडली होती ती, पण सासू मरावी असं तिला कधीच वाटलं नव्हतं.

"आई, माझं चुकलं. मी तीनदाच बदललं पाणी. तुम्हाला मळमळतंय का? उठा, दवाखान्यात जाऊ."

म्हातारी उठली नाही. तिचा हात राराच्या कपाळावर गेला आणि तिथेच राहिला.

"मी नाही खाल्लं," ती म्हणाली. "तू एवढं बोललीस, म्हणून आज पहिली पुडी हिला भरवली."