गाठीचं स्वयंपाकघर

एग्मोरच्या इस्पितळातून रिक्षानं परतताना मुरली आईला डॉक्टरांचं बोलणं समजावू लागला. इंग्रजी शब्दाला मराठी सापडेना, तेव्हा म्हणाला, "रायबोसोम म्हणजे पेशीतलं स्वयंपाकघर. तुझी गाठ अशी स्वयंपाकघरं भराभर बांधते, म्हणून वाढते. नवं औषध ते बांधकामच थांबवतं. अजून चाचणी चाललीय, गुण येईलच असं नाही." कॅन्सर कळल्यापासून सुनेनं सरोजाबाईंना गॅसपाशी फिरकू दिलं नव्हतं. लायटरसुद्धा कपाटावर लपवला होता. घरी पोचताच स्टूल ओढून त्या धापा टाकत वर चढल्या. "आई, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय!" सून धावत आली. "पोदुम! पुरे!" लायटर मुठीत धरूनच त्या खाली उतरल्या. "डॉक्टर त्या मेल्या गाठीचं स्वयंपाकघर बंद करतायत, माझं नव्हे. तिची चूल विझेल न विझेल, माझी पेटणार. सरक बाजूला, चिंच भिजत घाल."