खजिनदार दुसऱ्या ओळीत

हास्यक्लबच्या वेबसाइटचं उद्घाटन पाचला होतं आणि साडेचारला खजिनदार गावंडेकाका राजीनामा लिहायला बसले. साइटच्या मेनूत सहा पदाधिकाऱ्यांची नावं होती. मोबाइलवर पाच एका ओळीत मावली. गावंडे एकटेच खाली घसरले.

"बावीस वर्षं हसतोय इथं," ते म्हणाले. "आता चपलांपाशी बसू?"

साइट करणाऱ्या शाल्मलीचं हे पहिलंच काम. ते राजीनाम्यावर संपू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं. सीएसएसमध्ये, म्हणजे साइटच्या मांडणीच्या कोडमध्ये, तिने ओळ मोडायला बंदी केली, तर गावंडे स्क्रीनबाहेर गेले.

"बघा, हाकललंच," म्हणत काकांनी तारीख टाकली.

तिने नावं एकाखाली एक लावली, गावंडेंना सर्वांत वर. सचिव तळाला गेले, तसा त्यांनीही कागद मागितला.

शेवटी तिने नावं फिरती केली: दर पाच सेकंदांनी नवं नाव वर. ज्याचं नाव वर, त्याच्या हाती फीत कापायची कात्री, असं ठरलं. पण क्लबात शुभकार्याआधी तीनदा हसायची प्रथा. पाच सेकंदांत कुणाचंच हसून होईना. कात्री हातोहात फिरत राहिली.

गावंडे वर येताच शाल्मलीने मेनूवर बोट दाबून धरलं. नावं थांबली.

काका तिन्ही वेळा अगदी सावकाश हसले.