यादीत नसलेलं नाव

"काय म्हणाला तो? बाबा, तुम्ही ऐकलंत ना?" लॅपटॉपवरच्या निवेदकाचं बोलणं ऐकून ऊर्मिला खुर्ची मागे ढकलून उभीच राहिली.

"तनय पाटणकर म्हणाला," तिचे सासरे दत्तात्रय म्हणाले. "आपलाच तो. दुसरा कोण असणार!"

नववी फेरी! अमेरिकेतले मोठे बेसबॉल संघ दर जुलैत नवे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्यात कोणाचा नंबर लागेल हे आधीच लिहून सांगणं हा ऊर्मिलाचा धंदा, तोही जर्मनीतल्या नेकारसुल्म गावी, स्वयंपाकघरात बसून. यंदा तिने तीनशे नावं दिली होती. तिकडे कॉलेजात खेळणाऱ्या पोटच्या पोराचं मात्र दिलं नव्हतं. घरच्या माणसाबद्दल लिहायचं नाही, हा तिचाच नियम.

तिने अशी काही किंकाळी फोडली की खालच्या मायरबाईंनी छताला काठी ठोकली. ठोकू दे! आज कसली आलीय शांतता!

तेवढ्यात संपादकाचा मेसेज आला. "तुमच्या मुलावर आपल्याकडे एक ओळ नाही. दुसऱ्या कोणी त्याला पाहिलेलं नाही. दहा मिनिटांत तुम्हीच द्या."

"मी कशी लिहू, बाबा? लोक म्हणतील, आईच ती."

"अगं, तीस वर्षं बोर्डाचे पेपर तपासले मी. घरचं पोर परीक्षेला बसलं की त्या वर्षी सुट्टी घ्यायचो. पण निकाल लागल्यावर पेपर वाचायला कोणाची बंदी होती? बस, लिही!"

ती बसली. पहिली ओळ लिहिली: 'हे लिहिणारी या खेळाडूची आई आहे.' मग गुण. ते वीसपासून ऐंशीपर्यंत देतात. पन्नास म्हणजे बरा. वेगवान चेंडू, पंचावन्न. वळणारा चेंडू, साठ. हे हात न अडखळता झालं, कारण तो वळणारा चेंडू खरोखरच झकास होता.

अचूकपणापाशी मात्र घोडं अडलं. पोरगा भलतीकडे फेकतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत! तिने पन्नास लिहिले. दत्तात्रयांकडे पाहिलं. ते मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसले होते. आठ वाजून गेले तरी बाहेर लख्ख ऊन होतं.

तिने पन्नास खोडले, पंचेचाळीस केले आणि नवव्या मिनिटाला टिपण पाठवून दिलं.

पाच मिनिटांत तनयचा फोन. मागे पोरांचा नुसता दंगा चालला होता. तिने "अरे सोन्या" म्हणेपर्यंत तो जर्मनमध्ये ओरडला, "आई, अचूकपणाला फक्त पंचेचाळीस?"

"तेवढाच आहे," ऊर्मिला म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. "वाढव आता."