येतो गं

"मृत्यूची नोंद होणार नाही," नगरपालिकेच्या खिडकीतलं यंत्र चौथ्यांदा म्हणालं. "नागरिकाचा स्वतःचा शब्द अंतिम. दवाखान्यात जाताना आपले पती 'येतो गं' म्हणाले, ते आपल्या दारावरच्या यंत्रानं टिपलंय. म्हणजे ते येणार आहेत."

इंदुताई धारपांच्या अंगाचा तिळपापड झाला. "अरे मेल्या, घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणतं का? चाळीस वर्षं तेच म्हणायचे ते! महिना झाला त्यांना जाऊन!"

"गेले, हे मान्य. परत कधी येणार?"

इंदुताईंनी कपाळावर हात मारला, कागद पिशवीत कोंबले आणि वळता वळता सवयीनं म्हणाल्या, "येते मी."

यंत्रानं लगेच चिठ्ठी बाहेर टाकली: 'उद्या सकाळी अकरा. पतीसह.'