वीतभर पृथ्वी

पत्र्याच्या पेटीत वीतभर जागा रिकामी होती.

मुकुटबनच्या शिवारात मशीन जमिनीत नळी उतरवत होतं. नळीतून मनगटाएवढा गोल दगड निघायचा. निघेल त्याच क्रमानं तो पेटीत मांडायचा. मध्ये दगड कमी पडला तर कागदावर तिथं ‘पोकळी’ लिहायची.

"लिही पोकळी आणि कर सही," कॅम्पचे साहेब किसनराव म्हणाले.

"तो तुकडा मी माझ्या हातानं ठेवला होता, सर. खाली भरीव आहे."

"पृथ्वीची वकील आहेस का? संध्याकाळी गाडी यवतमाळला जाते. एक तर तुझी सही जाईल, नाहीतर तुझी बॅग."

निशिगंधा कंत्राटावरची भूवैज्ञानिक. पहिलीच नोकरी. सही केली असती तर कुणाला कळलं नसतं. असल्या सह्यांवर या देशात पूल उभे राहतात आणि पडतात. तिनं पेन खिशात घातलं आणि तुकडा शोधायला निघाली.

तो सापडला स्वयंपाकाच्या तंबूत. प्रभावतीबाईंच्या पाट्यावर, मिरचीत लालेलाल.

"मावशी, हा दगड..."

"माहा वरवंटा फुटला ना बाई. तिथं एवढे पडून होते, उचलला एक. काहून, कोनाचा होता?"

रागवायचं होतं, निशिगंधाला हसू आलं. ती तिथंच उकिडवी बसली. "समुद्राचा. माणूस नव्हता, झाड नव्हतं, तेव्हा इथं समुद्र होता. त्याच्या तळाचा गाळ बसून हा झाला."

"मुकुटबनात समुद्र." प्रभावतीबाईंचा हात थांबला. "अन् याच्या खाली?"

"अजून दगड. खूप खोल गेलं की तो इतका तापलेला, की दगड असून हळूहळू सरकतो. त्याच्या खाली वितळलेलं लोखंड. आणि अगदी मधोमध लोखंडाचा घट्ट गोळा. सूर्याच्या पृष्ठभागाएवढा तापलेला, तरी वितळत नाही."

"तो कायले नाही वितळत?"

"अख्ख्या पृथ्वीचा भार आहे ना त्याच्यावर."

प्रभावतीबाई आपल्या पायाखालच्या मातीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बराबर हाय. एवढा भार असल्यावर वितळाले सवड कोनाले रायते?"

निशिगंधानं पाट्यावरून तुकडा उचलला.

"तुमचं मशीन कुठवर गेलं मंग?"

"सालीवर ओरखडासुद्धा नाही उठला, मावशी."

दोघींनी हापशावर तुकडा धुतला. लाली थोडी राहिलीच. पेटीपाशी किसनराव उभे होते.

"मिरचीचा नमुना पाठवू का वर? पोकळीच लिही."

"पोकळी कायले, साहेब?" प्रभावतीबाई म्हणाल्या. "चार रोजापासून मिरच्या वाटून राह्यली मी याच्यानं. टवका नाही उडाला. तुमीच त खाल्ला तो ठेचा, दोनदा मागून."

किसनराव पेटीपासून बाजूला झाले.

निशिगंधानं तुकडा रिकाम्या जागेत ठेवला. वरच्या दगडाची तुटलेली कड त्याच्या कडेत जाऊन बसली. खालचीही बसली.

प्रभावतीबाईंनी पदराला हात पुसले, वाकून एक नख त्या राखाडी दगडांवरून लाल तुकड्यावर नेलं, तसंच पुढे राखाडीवर.

नख कुठंच अडलं नाही.